सुधारायचं नाही

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

शाळेत राजीनामा दिला. मुख्याध्यापकांनी तो वाचला, घडी घातली आणि "चहा घेणार का?" असं विचारलं. बारा वर्षं विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा समारोप अर्ध्या कपात होणार होता. मी बसलोसुद्धा नाही.

नवं काम सोमवारपासून. पुण्याच्या एका केंद्राचं सर्वेक्षण आहे. जगात ठिकठिकाणी लोक रोजच्या वस्तूंना इंग्रजीत काय म्हणतात, त्याचा नकाशा करायचा आहे. साठ चित्रांची एक वही आहे. चित्र दाखवायचं, याला काय म्हणता ते विचारायचं, उत्तर जसंच्या तसं लिहायचं आणि आवाजही टिपायचा. तीच वही इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असं फिरून आलीय. परभणी जिल्ह्यासाठी माणूस हवा होता, तो मी. काम तीन महिन्यांचं, पण केंद्राच्या राजेश्री मॅडम फोनवर म्हणाल्या की काम चांगलं झालं तर पूर्ण मराठवाड्यासाठी एक कायमची जागा निघणार आहे. ती जागा मला पाहिजे. चाळिशी आली. आता नाही तर कधीच नाही.

मंजुषा भाकरी थापत होती. "आधी शाळा सोडायची अन् मग बायकोला सांगायचं व्हय?" एवढंच म्हणाली आणि भाकरी जरा जोरात थापायला लागली. दादांना सांगितलं, तर ते "बरं" म्हणाले आणि रेल्वे फाटकापर्यंत फिरायला निघून गेले. वडिलांनी काहीतरी विचारायला हवं होतं. मी उगाच तीनदा अंगणात जाऊन आलो.

६ जानेवारी, सोमवार

परभणीत दिवसभर प्रशिक्षण. माझ्या जोडीला ऋतिका नावाची मुलगी दिलीय. जिंतूरकडची, एम.ए. होऊन घरी बसलेली. आवाज टिपायचं काम तिचं, प्रश्न मी विचारायचे.

मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सांगायचं नाही, सुचवायचं नाही, सुधारायचं नाही. आणखी म्हणाल्या, माणूस शिकलेला असलाच पाहिजे असं नाही, ज्याच्या रोजच्या बोलण्यात इंग्रजी शब्द येतात तो कोणीही चालेल. मी माझ्या वहीत लिहून घेतलं, 'किमान बारावी'. कुठंतरी रेघ ओढावीच लागते.

वही मजेची आहे. मोटारीच्या मागच्या सामानाच्या कप्प्याला इंग्लंडात 'बूट' म्हणतात, अमेरिकेत 'ट्रंक'. आयर्लंडात कपाटाला 'प्रेस' म्हणतात. ऑस्ट्रेलियात रबरी चपलेला 'थाँग्ज'. भारताच्या रकान्यात नुसती टिंबं आहेत. आपल्या जिल्ह्याच्या नावापुढं काय छापणार हे लोक? 'डिक्की'? आधीच जग 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' म्हणतं.

शेवटी प्रत्येकानं इंग्रजीबद्दलची एक आठवण सांगायची होती. मी दादांची सांगितली. दादा आमच्या पूर्णा जंक्शनला रेल्वेत कीमन होते, म्हणजे हातोडा घेऊन रोज रुळांच्या चाव्या तपासत चालणारा माणूस. सातवी पास. अकरा वर्षांपूर्वी मुख्याध्यापक आमच्याकडे चहाला आले, तेव्हा दादा त्यांना म्हणाले, "मागल्या खेपी तुमी आलात तवा भागवत आउट ऑफ स्टेशन होता." मी तिथल्या तिथं म्हणालो, "दादा, आउट ऑफ टाउन म्हणतात. सगळं जग रेल्वेत नोकरीला नाही." मुख्याध्यापक पोट धरून हसले होते. दादाही हसले होते. आजही सगळे हसले. ऋतिका तेवढी हसली नाही. नवखी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज सोनपेठ. एसटीत उभ्यानं आलो, पाय अजून दुखतायत. पहिला माणूस वैजीनाथ, औषधाच्या दुकानाचा मालक, बी.एस्सी. हुशार गडी. वही उघडली आणि माझा भ्रमनिरास झाला. औषधाच्या दुकानाचं चित्र दाखवलं तर म्हणाला 'मेडिकल'. मोटारीचा मागचा कप्पा म्हणे 'डिक्की'. जेवणाची जागा 'हॉटेल'. ढोबळी मिरची 'कॅप्सिकम'. छायाप्रत 'झेरॉक्स'.

मी ऋतिकाला म्हणालो, यंत्र सुरू करू नकोस, आधी एक तालीम घेऊ. शाळेत तपासणी असली की आदल्या दिवशी आम्ही वर्गाची तालीम घ्यायचोच. कोणता साहेब काय विचारील, कोणी हात वर करायचा, सगळं ठरलेलं. त्यात लबाडी काय आहे? पोरांचं तोंड उघडतं आणि शाळेचं नाव राहतं. मी वैजीनाथला प्रेमानं सांगितलं की डिक्की हा शब्द बाहेर कोणाला कळत नाही, बूट म्हण. मेडिकल नव्हे, केमिस्ट. तो खूशच झाला. "सर, आजवर कुनी सांगितलंच न्हाई हो. हे लय चांगलं झालं." मग यंत्र सुरू केलं. साठपैकी चौपन्न उत्तरं इंग्लंडच्या रकान्याशी तंतोतंत जुळली.

परतीच्या गाडीत ऋतिका म्हणाली, "सर, मॅडम तर सुधारायचं न्हाई म्हनल्या होत्या."

"मुलाखतीत सुधारलं का मी? आधी सुधारलं."

ती खिडकीबाहेर बघत बसली.

१२ जानेवारी, रविवार

दादांना हल्ली शुद्ध मराठीचं खूळ लागलंय. हल्ली म्हणजे बरीच वर्षं. आज माझ्या मनात आलं की दादांच्या तोंडून इंग्रजी शब्द म्हणून ऐकल्याचं आठवतच नाही. अडतीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस गाडीला 'आगगाडी' म्हणतो. टॉर्च म्हणत नाहीत, बॅटरीही म्हणत नाहीत, 'बत्ती' म्हणतात. मेडिकलला 'दवाचं दुकान'. सकाळी मला म्हणाले, "भागवत, ते पानी तापवायचं बंद कर, लय येळ झाला." गीझर हा शब्द तोंडाशी आलेला मी स्वतः पाहिला. त्यांनी तो गिळला आणि पुढं बोलले.

मंजुषाला म्हणालो, दादा कीर्तनाबिर्तनाला जातात की काय, कुठून आलं हे? ती म्हणाली, "तुमाला खरंच म्हाईत न्हाई?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या," आणि कपडे वाळत घालायला गेली. बायकांना अर्धवट बोलून जायची सवयच असते.

१७ जानेवारी, शुक्रवार

येलदरी. धुरपदाबाई, निवृत्त नर्स. बारावी नाही, पण ऋतिकानं हट्ट धरला. धरणाजवळच्या वस्तीत एकट्या राहतात. आम्हाला मासे खाऊन जा म्हणाल्या. मी घाईत होतो, आज तीन माणसं उरकायची होती.

टॉर्चचं चित्र दाखवलं. "बॅटरी," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, टॉर्च. त्या म्हणाल्या, "टॉर्च म्हनत असतील लोक. मी अख्खी नोकरी बॅटरी म्हनले. लाइट गेल्यावर बॅटरीच्या उजेडात बाळंतपनं केलीत. एक बाई मेली न्हाई माझ्या हातून." मी समजावलं की प्रश्न बाळंतपणाचा नाही, शब्दाचा आहे. चूक ती चूक. दोनतीनदा म्हणवून घेतलं. यंत्र सुरू झाल्यावर त्या सगळं बरोबर म्हणाल्या, पण आवाज अगदी बारीक पडला होता. ऋतिकानं दोनदा यंत्र जवळ सरकवलं. माशांचा विषय नंतर निघाला नाही.

२५ जानेवारी, शनिवार

एकतीस माणसं पुरी झाली. मेमरी कार्ड पुण्याला पाठवलं. एवढं स्वच्छ काम महाराष्ट्रात कोणाचं नसेल. तरी चैन नाही. फोन वाजला की पुण्याचा नंबर आहे का ते आधी बघतो. आज चार वेळा चहा मागितला. मंजुषा म्हणाली, पाचवा स्वतः करून घ्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमचा फोन आला. अगदी हळू बोलत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भागवतराव, तुमच्या जिल्ह्यात एकतीस माणसं एकसारखं बोलतात? नर्स, दुकानदार, जीपवाला, सगळ्यांची उत्तरं एकच? एकानंही हॉटेल म्हटलं नाही?"

मी म्हणालो, आमच्याकडचे लोक तयारीचे आहेत.

"तयारी कोणी करून घेतली?"

मी तालमीचं सांगितलं. लपवण्यासारखं वाटलंच नव्हतं. त्या पलीकडं कागद उलटत होत्या. मग म्हणाल्या, "ऑस्ट्रेलियातला माणूस ढोबळ्या मिरचीला कॅप्सिकमच म्हणतो. तिथं मुलाखत घेणाऱ्या पोरानं त्याला सुधारलं नाही. तुमच्याकडचं कॅप्सिकम कुठं गेलं?" मी वही उघडून बघितली. खरंच, ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात कॅप्सिकम आहे. मी फक्त इंग्लंडचा रकाना बघत होतो, तिथं 'स्वीट पेपर' आहे.

एकतीस माणसांकडं तालीम न घेता पुन्हा जायचं. फेब्रुवारीअखेर काम आलं नाही तर परभणी जिल्हा नकाशात कोरा जाईल. जागेबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि कशासाठी आलो होतो ते विसरून परत आलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोनपेठ. वैजीनाथच्या दुकानासमोरून आम्ही सरळ पुढं गेलो, कारण पाटीच बदललेली. 'मेडिकल' जाऊन मोठ्या निळ्या अक्षरांत 'केमिस्ट'. आमच्यादेखत एक म्हातारी शेजारच्या टपरीवर विचारत होती, "बाबा, इथलं मेडिकल कुठं गेलं रं?"

वही उघडली. यावेळी मी तोंड शिवूनच बसलो होतो. वैजीनाथनं धडाधड उत्तरं दिली. बूट. केमिस्ट. रेस्टॉरंट. मी म्हणालो, अरे, तुझं स्वतःचं सांग, तू रोज काय म्हणतोस? तो म्हणाला, "आता हेच म्हनतो की सर. पोरांनाबी हेच शिकवायलोय. तुमीच सांगितलंत ना?" इतक्या कौतुकानं बघत होता की माझी मान खाली गेली.

गाडीत बसल्यावर ऋतिका म्हणाली, "शब्द पुसून टाकल्यावर परत कसे आनायचे, सर?" मूळच्या तालमीचं ध्वनिमुद्रणच नाही. मीच तर यंत्र बंद ठेवायला सांगितलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

येलदरी. धुरपदाबाईंनी दारातच सांगितलं, "मला इंग्रजी येत न्हाई, सर. दुसरं कुनी बघा." मी म्हणालो, तुम्ही जे म्हणता तेच पाहिजे, बॅटरी म्हणा, खुशाल म्हणा. त्यांनी हात जोडले. "त्या दिवशी तुमीच म्हनलात, चूक हाय. आता म्हातारपनी कशाला परीक्षा?" दार लोटलं नाही, पण आत या असंही म्हटलं नाही.

एकतीसमधली नऊ माणसं झाली. सहाजण माझे शब्द म्हणतात, तिघं बोलतच नाहीत. आपण कामाला लागलोय की काम नासवत फिरतोय, तेच कळेना. जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

वहीत रेल्वेची आठ चित्रं आहेत. रुळाखालच्या आडव्या पट्ट्या: इंग्लंडात 'स्लीपर', अमेरिकेत 'टाय'. गाडी दुसऱ्या रुळावर वळवायचा सांधा: इंग्लंडात 'पॉइंट्स', अमेरिकेत 'स्विच'. मॅडमना वाटतं की पूर्णा जंक्शनमुळं ही आठ पानं तरी परभणीची चांगली निघावीत. माझ्या पाच रेल्वेवाल्यांची मी आधीच तालीम घेतलेली. संपलं.

ऋतिका आज नांदेडच्या गाडीसाठी तासभर आधी पूर्णा स्टेशनवर आली होती. मला म्हणाली, "सर, बाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन म्हातारे बसले होते. एक आश्रुबा म्हनून, गेटमन होते म्हने. दुसरे तर काय बोलतात, सर! गुड्स, गार्डसाहेब, कॉशन, फिशप्लेट, थ्री-सेल. मी चहा सोडून ऐकतच बसले. नाव विचारलं तर चंद्रभान म्हनाले. पूर्णेचेच. तुमी वळखता का?"

मी म्हणालो, ते माझे वडील आहेत.

ती दचकली. "अन् तुमी त्यांना विचारलं न्हाई?"

मी म्हणालो, ते सातवी पास आहेत, आणि दुसरं म्हणजे ते इंग्रजी शब्द बोलतच नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

विश्वास बसेना म्हणून सकाळी टपरीकडं गेलो. लांबून दादांचा आवाज ऐकू आला. मोठा, हसरा. या आवाजात ते घरी कधी बोललेत? आश्रुबा मांडीवर थाप मारून हसत होते. "अन् ड्रायव्हर म्हनतो, सिग्नल मिळंना," असं काहीतरी चाललं होतं. मी तीसेक पावलांवर असताना दादांनी मला पाहिलं. बोलणं तिथंच थांबलं. जवळ गेलो तेव्हा ते आश्रुबांना म्हणत होते, "आगगाडी आज उशिरा हाय म्हनं." आश्रुबा त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले.

मी चहा न घेता परत आलो. दिवसभर कशात लक्ष नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादांना सरळ विचारलं. साठ चित्रं आहेत, तुम्ही काय म्हणता ते सांगा, माझं काम अडलंय. त्यांनी वही हातात घेतली, एकेक पान नीट उलटलं, स्लीपरच्या चित्रावर जरा थांबले. मग वही मिटून माझ्या हातात दिली. "मला कुठं इंग्रजी येतंय, भागवत? तू शिकलेला. तूच लिही की."

मी चिडलो. टपरीवर येतं, घरी येत नाही? दादा चपला घालून निघून गेले.

मग मंजुषा बोलली. अकरा वर्षं दाबून ठेवलेलं एका दमात बोलली. "त्या दिवशी साहेबांम्होरं तुमी त्यांना हसलात. साहेब हसले म्हनून दादाबी हसले. मग न्हानीत जाऊन किती येळ तोंड धुवत होते, मला म्हाईत. त्या दिवसापासून तुमी घरात असलात की एक इंग्रजी शब्द न्हाई त्यांच्या तोंडात. तुमी भायेर गेलात की बोलतात. माझ्याशी बोलताना कुकर म्हनतात, आपल्या पोरीशी बोलताना ट्यूशन म्हनतात. तुमच्या गाडीचा आवाज आला की बंद. अन् तुमी म्हनता, शुद्ध मराठीचं खूळ!"

मी म्हणालो, मी गमतीनं म्हणालो होतो. ती म्हणाली, "हो. मग अजून हसा."

आणि ती गोष्ट मी गेल्या महिन्यात प्रशिक्षणात तीस माणसांसमोर पुन्हा सांगून आलोय. हे मंजुषाला माहीत नाही. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऋतिकानं दादांना विचारलं. ते तयार झाले, एका अटीवर: भागवत घरात नको. गल्लीत नको. पूर्णेतच नको.

म्हणून आज मी परभणीला जाऊन बसलो. स्टेशनवरच. काम काही नव्हतं. अकरा ते तीन बाकावर बसलो, उठलो, वजनाच्या यंत्रावर उभा राहिलो, पुस्तकाच्या गाड्यावरची एकूणएक पुस्तकं चाळली. स्वतःच्या घरात आपला बाप बोलतोय आणि आपण तीस किलोमीटर लांब बसावं, तरच तो बोलणार. तीन वाजता ऋतिकाचा निरोप आला, 'झालं सर.' काय झालं, कसं झालं, काही नाही.

घरी आलो तेव्हा दादा अंगणात लसूण सोलत होते. म्हणाले, "आलास? उन्हाचा कुठं गेलतास?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

नियमाप्रमाणे मुद्रण ऐकून अक्षरशः उतरवायचं काम माझं. तेच करत होतो. सकाळी दहाला बसलो, आत्ता संध्याकाळचे पाच. कानात यंत्राच्या वायरी आणि शेजारच्या खोलीत खुद्द दादा.

चित्र चार, टॉर्चचं: थ्री-सेल. चित्र अकरा: डिक्की. "स्टेपनी बी त्यातच असती," असं वर. चित्र अठरा: हॉटेल. चित्र तेवीस: मेडिकल. चित्र एक्केचाळीसपासून रेल्वे सुरू झाली आणि दादांचा आवाज चढला. स्लीपर. फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी. पॉइंट. गुड्स. एल.सी. गेट, म्हणजे फाटक. ऋतिकानं वहीतला नियम पाळला, एक शब्द सुचवला नाही, नुसतं "अजून?" म्हणत राहिली. अमेरिकेत याला टाय म्हणतात असं तिनं शेवटी सांगितलं, तेव्हा दादा खळखळून हसले. "म्हनू द्या की! त्यांच्या लाइनवर त्यांचा शब्द."

मग ते पुढं जे बोलले ते उतरवून ठेवतो. केंद्राच्या तक्त्यात लिहिलंच आहे, इथंही राहू दे.

"पोरी, आमच्या लाइनवर लय जागचे सायेब आले. तेलुगू आले, मद्रासी आले. एकजन कोच म्हनायचा, एकजन बोगी. आमी समोरच्याला कळंल ते म्हनायचो. लाइनवर मानूस वाकून काम करायलाय अन् मागनं गाडी आली, तर वरडायला एकच शब्द मिळतो. तो त्याला कळला तर त्यो बरोबर. न्हाई कळला तर मानूस गेला. मी अडतीस वर्षांत एकबी मानूस जाऊ दिला न्हाई."

ऋतिकानं विचारलं, मग घरी का बोलत नाही?

मुद्रणात इथं सतरा सेकंद काही नाही. एक कुत्रं भुंकतं. मंजुषाच्या भांड्यांचा आवाज येतो, तोही थांबतो.

"आमचा भागवत इंग्रजीचा मास्तर हाय. लय हुशार. त्याच्या कानावर चुकीचं पडलं तर त्याला तरास होतो. चारचौघांत त्याची मान खाली जाती. म्हनून म्या ठरवलं, आपुन त्याच्याम्होरं बोलायचंच न्हाई. त्याचं बरोबर हाय. त्यानं नाव काढलं आमचं."

दादा तक्रार करत नव्हते. हे तीनदा मागं नेऊन ऐकलं. कुठंतरी राग सापडेल, म्हणजे मला निदान भांडता येईल, असं वाटत होतं. नाही सापडला. माझी काळजी घ्यायची म्हणून माझ्या बापानं अकरा वर्षं स्वतःचे शब्द गिळले. मी इथं बसून रडलो, आणि हुंदका शेजारच्या खोलीत जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल धरला.

तक्त्यात शेवटी 'इतर बोलणं' असा रकाना आहे. त्यात सगळं लिहिलं. 'तरास' लिहिलं, 'म्या' लिहिलं. काही सुधारलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काम पाठवलं. जुन्या एकतीस जणांचा नाद सोडला, त्यांच्याऐवजी दादांशिवाय ऋतिकानं आश्रुबांसकट आणखी अकरा नवी माणसं गाठली. त्यातलं एकही बारावी नाही. सगळ्या मुलाखती तिनं घेतल्या, मी लांब राहून उतरवून काढल्या. 'मुलाखत घेणार' या रकान्यात माझं नाव छापूनच आलेलं असतं. मी बाराच्या बारा तक्त्यांवर ते खोडून तिचं लिहिलं. सोपं गेलं नाही, खोटं कशाला बोलू. एका तक्त्यावर तर खोडायच्या आधी पेन खाली ठेवून बाहेर जाऊन आलो.

संध्याकाळी मॅडमचा फोन. परभणीची रेल्वेची पानं त्यांना फार आवडलीत. "हे चंद्रभानराव कोण?" म्हणाल्या. मी सांगितलं. प्रशिक्षणातली माझी गोष्ट त्यांच्या लक्षात असणार. मग म्हणाल्या की मराठवाड्याच्या जागेसाठी त्या ऋतिकाचं नाव पुढं पाठवतायत. मी म्हणालो, बरोबर आहे. फोन ठेवल्यावर बरंच वाईट वाटलं. मंजुषा म्हणाली, "शिकवण्या सुरू करा. पर आधी पोरांचं ऐकून घेत जावा."

४ मार्च, मंगळवार

चार दिवस काहीच लिहिलं नाही. घरात नुसता येरझाऱ्या घालतोय. दादांना काहीतरी म्हणायचं आहे आणि सुरुवात सापडत नाही. माफी मागावी तर ते म्हणतील कशाची. मुद्रण ऐकलं असं सांगावं, तर ऋतिकाचा विश्वास मोडतो आणि त्यांचाही. सकाळपासून दोनदा त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन, चष्मा शोधतोय असं म्हणून परत आलो.

संध्याकाळी ते फाटकाकडं निघाले तेव्हा मीही चपला घातल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चाल जरा हळू केली. दोघं फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. फाटक पडलेलं होतं. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, एक उसाचा ट्रॅक्टर. लांबून इंजिन दिसलं.

मी म्हणालो, "दादा, गुड्स आली वाटतं."

त्यांनी मान वळवली. माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले. वर्गात प्रश्न अचानक अंगावर आला की पोरं मास्तरकडं बघतात, तसे. बाप माझ्याकडं असं बघतो.

"परीक्षा हाय का?" ते म्हणाले.

"नाही, दादा. असंच म्हणालो."

ते रुळांकडं वळले. पहिले डबे समोरून जायला लागले, कोळशाचे, उघडे. त्या आवाजात ते हळूच म्हणाले, "मग मालगाडी म्हनलं तरी चालतंय की."

मी हो म्हणालो. गाडी बरीच लांब होती. ती पुरी जाईपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.